बिटाला अक्रोडाचं वाटण

दिवा पूर्वेला स्टेशनाचा जिना उतरलं की संध्याकाळी भाजीच्या पाट्यांमधून वाट काढतच घरी जावं लागतं. डोंबिवलीला कामाला जाणाऱ्या, ठाण्याहून परतणाऱ्या बायका तिथे दोन मिनिटं थांबतात, जुडी उचलतात आणि पुढे होतात. मी मात्र बिटाच्या पाटीपाशी जरा जास्त वेळ रेंगाळते. मला एकसारख्या मापाची चार बिटं हवी असतात, मुठीत मावतील एवढी, पाल्यासकट आणि शेपटी न तुटलेली. पूर्वी भाजीवाला विचारायचा, "कोशिंबिरीला का, ताई?" मी म्हणायचे, "फ्खालीला." आता तो विचारत नाही. माझी बिटं दिसली की पाला न छाटता बाजूला काढून ठेवतो.

फ्खाली हा जॉर्जिया देशातला पदार्थ. भाजी उकडायची, घट्ट पिळायची, बारीक करायची, मग अक्रोड, लसूण आणि कोथिंबिरीच्या वाटणात मळून तिचे लहान गोळे करायचे. वर डाळिंबाचे दाणे. जेवणाच्या सुरुवातीला, पाहुणा बसल्याबरोबर हे ताट पुढे येतं. दूध, तूप, अंडं यांतलं त्यात काहीच नाही. गेली पाच वर्षं मी हा पदार्थ दिव्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात करते आहे. तो मराठी घरात रुळावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची कुडाळची. लग्न होऊन दिव्याला आले त्याला पंचवीस वर्षं झाली. आमच्यासारखी कोकणातली कितीतरी घरं इथे आहेत. सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते, त्यामुळे गाव रुळाच्या दुसऱ्या टोकाला बांधल्यासारखं वाटतं. मी घरून जेवणाचे डबे देते. धाकटी लेक वैद्यकीय शिक्षणाला जॉर्जियाची राजधानी त्बिलिसी इथे गेली. महाराष्ट्रातली पुष्कळ मुलं आता तिकडे एमबीबीएसला जातात. हा देश काळ्या समुद्राच्या पूर्वेला, कॉकेशस पर्वताच्या कुशीत आहे. क्षेत्रफळ साधारण ६९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. डब्यांची भांडी घासून मी रात्री साडेनऊला मोकळी होते, तेव्हा तिकडे आठ वाजलेले असतात आणि लेक घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात बसलेली असते.

घरमालकीण सत्तरीची. लेक तिला 'बेबिया' म्हणते, म्हणजे आजी. त्या भाषेत 'देदा' म्हणजे आई आणि 'मामा' म्हणजे वडील. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लेकीला मी दोनदा विचारून घेतलं. तिने पाठवलेल्या शब्दांची एक यादी मी फ्रिजवर चिकटवली आहे. चार्खली म्हणजे बीट, निगोझी म्हणजे अक्रोड, निओरी म्हणजे लसूण, किंदझी म्हणजे कोथिंबीर. 'पुरी' हा शब्दही त्या यादीत आहे. तिकडे पुरी म्हणजे रोजचा पाव, आपल्या तंदूरसारख्या 'तोने' नावाच्या खोल भट्टीत आतल्या भिंतीला थापून भाजलेला. पीठ थापायची आणि विस्तवाला लावायची रीत इतक्या लांबही ओळखीची निघाली, याचा मला फार आधार वाटला. लेक परमुलखात होती, पण परक्या घरात नव्हती.

पहिल्या वर्षी श्रावण आला तेव्हा मला तिच्या जेवणाची काळजी लागली. आम्ही एरवी मासे खाणारी माणसं, पण श्रावण पाळतो. फोनवर विचारलं तर म्हणाली, "आई, इथे आजीचापण श्रावण चालू आहे." मला अर्थच लागेना. मग तिने सांगितलं, ते असं. जॉर्जियातले बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. त्यांच्यात बुधवार आणि शुक्रवार उपासाचे, ईस्टरच्या आधी सात आठवड्यांचा मोठा उपास, आणि १४ ऑगस्टपासून २८ ऑगस्टच्या मरियमच्या सणापर्यंत आणखी एक. उपासात मांस, दूध, लोणी, चीज, अंडी वर्ज्य. अशा जेवणाला ते 'सामार्ख्वो' म्हणतात. शतकानुशतकं वर्षातले इतके दिवस असे पाळले, तर भाजी चवदार करायची कला त्या घरांत मुरणारच. लेकीने त्या रात्री फोन ओट्याकडे वळवला. आजी बिटाचे गोळे करत होती.

त्यानंतरच्या सगळ्या रात्री मी तिच्या हातांकडे पाहत शिकले. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही. पण पिळताना मनगट कसं फिरवायचं, हे सांगायला भाषा लागत नाही.

आमच्यात एक दुवा अनपेक्षित निघाला. आमचं गाव गोव्याजवळ आहे, असं लेकीने सांगताच आजीने हातातलं काम थांबवलं आणि छातीवर क्रूस केला. "केतेवान," ती म्हणाली. केतेवान ही काखेती या पूर्व जॉर्जियातल्या राज्याची राणी. इराणचा शाह अब्बास याने तिला धर्म सोडायला सांगितलं. तिने नकार दिला, म्हणून १६२४ साली शिराझमध्ये हाल करून तिला मारण्यात आलं. ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मगुरूंनी तिचे काही अवशेष १६२७ साली जुन्या गोव्याला आणले. तिथल्या सेंट ऑगस्टिनच्या मठाचा पडका बुरूज आजही उभा आहे. मी तो लग्नाआधी पाहिला होता, पण तिथे कोण विसावलं आहे हे मला माहीत नव्हतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला २००५ साली त्या अवशेषांचा शोध लागला, हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत डीएनए तपासणी झाली, आणि जुलै २०२१ मध्ये आपले परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यातला एक भाग त्बिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला. आजीच्या लेखी कुडाळ म्हणजे त्यांच्या राणीला चारशे वर्षं सांभाळणाऱ्या मातीच्या शेजारचं गाव. त्या दिवसापासून तिने लेकीकडून फ्खालीच्या जेवणाचे पैसे घेतले नाहीत.

आता पदार्थाकडे वळते.

फ्खाली या शब्दाचं नातं पालेभाजीशी आहे. पालक, बिटाचा पाला, कोबी, खाजकुइलीसारखी खाजणारी पण उकडल्यावर निवणारी वसंतातली रानभाजी, असं काहीही चालतं. बीट हे त्यातलं सणाचं रूप म्हणावं, कारण रंग. भाजी बदलते, वाटण तेच राहतं. आपल्याकडे नाही का, ओल्या खोबऱ्याचं वाटण तयार असलं की काळा वाटाणा असो की फणसाची भाजी, हात अडत नाही. जॉर्जियात नारळ नाही, तिथे परसात अक्रोडाचं झाड असतं. शंभर ग्रॅम अक्रोडात पासष्ट ग्रॅमच्या आसपास तेल असतं, शेंगदाण्यात पन्नासच्या आत. म्हणून अक्रोड वाटला की वेगळं तेल घालावं लागत नाही. कोकणात खोबरं जे करतं, देशावर शेंगदाण्याचा कूट जे करतो, ते तिकडे अक्रोड करतो. हे एकदा ध्यानात आलं आणि पदार्थ परका राहिला नाही.

चार माणसांसाठी मी अर्धा किलो बीट घेते. देठ बोटभर ठेवून पाला कापते, शेपटी तशीच ठेवते आणि साल मुळीच काढत नाही. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा असतो. सुरी लागली की तो तिथून वाहून जातो. म्हणून बिटं नुसती धुऊन कुकरच्या डब्यात ठेवायची, डब्यात पाणी घालायचं नाही, पाणी फक्त खाली कुकरमध्ये. मध्यम आकाराला पाच शिट्ट्या, मग गॅस बारीक करून दहा मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्यावी. गार झाल्यावर साल अंगठ्याने चोळली की निघते. सुरी आत सहज गेली पाहिजे, पण बीट मेणचट होता कामा नये. आजी ओव्हनमध्ये भाजते, त्याने गोडी वाढते आणि पाणीही कमी सुटतं. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी तसंच करावं.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. बीट किसणीच्या बारीक बाजूने किसायचं, पातळ सुती फडक्यात बांधायचं आणि पिळायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी हात राखून पिळलं, पुरता जोर लावला नाही. गोळे ताटात पसरले आणि तासाभरात ताटभर लाल पाणी झालं. आजीने फोनवर ते पाहिलं आणि दोन्ही मुठी आवळून दाखवल्या. भाजीतलं पाणी निघालं तरच वाटणातलं तेल तिच्यात शिरतं. अर्धा किलो बिटातून जवळपास वाटीभर रस निघतो. दिव्यात पाणी जपून वापरायची सवय आम्हाला लागलेली आहेच, पण हा रस सवयीने नव्हे, आवडीने ठेवते. त्यात कणीक भिजवते. गुलाबी पोळ्या डब्यात गेल्या की त्या दिवशी लहान मुलांच्या डब्यात काही उरत नाही.

वाटणाला शंभर ग्रॅम अक्रोड. आपल्याकडे मिळणारे देशी अक्रोड बहुतेक काश्मीरचे. गर फिकट रंगाचा असावा. एक दाणा चावून पाहावा, जीभ खवखवली किंवा जुन्या तेलाचा वास आला तर घेऊ नये. अक्रोडातलं तेल हवेने आणि उष्णतेने लवकर बिघडतं, म्हणून घरी आणल्यावर तो फ्रिजमध्येच ठेवावा. अक्रोड भाजायचा नाही. भाजला की चवीला चांगला लागतो, पण मग ती चव बिटावर बसते. कच्च्या अक्रोडाला दुधासारखी मऊ चव असते आणि सालीतला किंचित तुरटपणा बिटाच्या गोडीला आवर घालतो.

अक्रोड, लसणीच्या तीन पाकळ्या, अर्धी वाटी कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, एक चमचा धणेपूड, अर्धा चमचा लाल तिखट आणि मीठ, हे सगळं एकत्र वाटायचं. मिक्सर थांबून थांबून फिरवावा. सलग फिरवला तर भांडं तापतं, तेल सुटून वर येतं आणि वाटण कडवट होतं. आजीकडे टेबलाला आवळून बसवायचं, हाताने फिरवायचं लोखंडी यंत्र आहे, त्यातून ती अक्रोड दोनदा काढते. मी कुडाळहून आणलेल्या पाट्यावर वाटते. वरवंट्याखाली अक्रोड आधी चुरतो, मग चिकट होतो, आणि मग एका क्षणी पाट्यावर चकाकी येते. चकाकी आली की थांबायचं. अगदी गंध करायचं नाही, दाताखाली कण लागला पाहिजे.

दोन मसाले आपल्या बाजारात मिळत नाहीत. पहिला 'उत्स्खो सुनेली'. ही निळ्या फुलांची मेथी, आपल्या मेथीची सौम्य बहीण. 'उत्स्खो' म्हणजे परका, बाहेरचा. ज्या मसाल्याशिवाय त्यांचं स्वयंपाकघर चालत नाही, त्याचं नाव 'परका मसाला' आहे, हे मला फार बोलकं वाटतं. बाहेरून आलेलं आपलंसं करायला लाज वाटू नये, हे त्या नावातच लिहिलेलं आहे. त्याच्या जागी मी अर्धा चमचा कसुरी मेथी तव्यावर जरा शेकून, चुरून घालते. मेथीदाणे घातले तर कडू होतं. दुसरा मसाला म्हणजे वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्यांची पूड. होय, झेंडू, आपला दसऱ्याचा. पण बाजारातल्या झेंडूवर औषधं फवारलेली असतात, तो खाण्यात घेऊ नये. कुंडीत स्वतः वाढवलेला असेल तरच घ्यावा, नाहीतर चिमूटभर हळद पुरते.

आंबटासाठी तिकडे द्राक्षाच्या वाइनचं व्हिनेगर घालतात. मी कोकमाचं आगळ घालते. आंबट नुसतं चवीसाठी नसतं. बीट अनेकांना आवडत नाही, कारण त्याला मातीचा वास येतो. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पहिला पाऊस पडल्यावर मातीचा जो सुगंध येतो, त्यातही हेच द्रव्य असतं. अंगणात हवाहवासा वाटणारा वास ताटात नकोसा वाटतो, एवढंच. आंबटाने हे द्रव्य मोडतं आणि वास उतरतो. शिवाय आंबटात बिटाचा रंगही टिकतो. भाजी लवकर शिजावी म्हणून सोडा घातला तर रंग बिघडतो, म्हणून सोडा कधीच घालू नये. दीड चमचा आगळ पुरतं. आगळात मीठ असतं, तेव्हा वाटणात मीठ घालताना हात आखडता घ्यावा.

पिळलेलं बीट आणि वाटण परातीत घेऊन हाताने एकजीव मळायचं. रंग एकसारखा गडद झाला की झाकून दोन तास फ्रिजमध्ये ठेवायचं. या दोन तासांत लसणीचा तिखटपणा निवतो, मेथी फुलते, बीट वाटण पिऊन घेतं. घाईने लगेच खाल्लं तर बीट वेगळं आणि अक्रोड वेगळा लागतो. मग लिंबाएवढे गोळे करायचे, अंगठ्याने मध्ये खळगा दाबायचा आणि त्यात सोलापूरकडच्या भगव्या डाळिंबाचे चार दाणे ठेवायचे. गरम करायचं नाही. जॉर्जियात याबरोबर मक्याच्या पिठाची जाड भाकरी खातात, तिला 'म्चादी' म्हणतात. आमच्याकडे तांदळाची भाकरी असते.

लसूण वर्ज्य असेल त्यांनी ती गाळून कसुरी मेथी थोडी वाढवावी. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी बीट आणि त्याचा पाला बेताने खावा, कारण दोन्हींत ऑक्झलेट असतं. बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी लालसर झाली तर काही जणांच्या बाबतीत तो नुसता बिटाचा रंग असतो, घाबरून जाऊ नये.

पाल्याचं काय? तो टाकायचा नाही. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून, गार पाण्यातून काढून, तसाच घट्ट पिळायचा, बारीक चिरायचा आणि त्याच वाटणात मळायचा. एका ताटात लाल गोळे आणि हिरवे गोळे शेजारी शेजारी. पावसाळ्यात कर्जत-बदलापूरकडून आदिवासी बाया टाकळा, कुर्डू घेऊन येतात. त्या भाज्यांनाही हे वाटण लागतं. मी टाकळ्याची केली तेव्हा माझ्या सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

अक्रोड महाग आहे, हे मला डबे देणारी बाई म्हणून पक्कं ठाऊक आहे. रोजच्या डब्यात मी तो देऊ शकत नाही. निम्मा अक्रोड आणि निम्मे न भाजलेले, सोललेले शेंगदाणे घालून पाहिलं. पदार्थ चांगला होतो, फक्त चव आपल्या कोशिंबिरीकडे झुकते. तसा करायलाही हरकत नाही. पण वर्षातून एकदा, पाहुण्यासाठी, पुरते शंभर ग्रॅम अक्रोड घालून करून पाहावा असं मी सांगेन. शाकाहारी ताटाला आपण पाहुण्यापुढे अजूनही जरा कमी समजतो. "आज काही खास नाही, भाजीच आहे," असं म्हणत वाढतो. जॉर्जियात 'सुप्रा' म्हणजे मोठी पंगत. तिथे 'तामादा' नावाचा यजमानांचा मुखत्यार उभा राहून एकेकाच्या नावाने पेला उचलतो, आणि तेव्हा समोर मांडलेलं असतं ते हेच बिटाचं, पालकाचं, वांग्याचं ताट. सगळ्यात मानाच्या वेळी सगळ्यात साधी भाजी पुढे येते, कारण तिच्यावर घरातल्या कोणाच्या तरी मनगटाची मेहनत झालेली असते. मला हा पदार्थ आवडला तो या मानासाठी.

मागच्या उन्हाळ्यात लेक सुट्टीला आली तेव्हा तिने आजीने दिलेली उत्स्खो सुनेलीची पुडी आणली. मी त्या मसाल्याची एक फ्खाली केली, कसुरी मेथीची एक केली. लेक डोळे मिटून जेवली आणि दोन्हींतला फरक तिने बरोबर ओळखला. मग म्हणाली, "आई, आजीकडे ही आगळाची चव नाही." परत निघताना मी तिच्या सामानात आगळाची बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून दिली.

आठवड्याने रात्री साडेनऊला फोन आला. आजीने बाटली नाकाशी धरली, चमच्यावर थेंब घेऊन चाखला, आणि मग परातीतल्या बिटावर मोजून दीड चमचा घातलं. मळलं. एक गोळा करून तिने अंगठ्याने खळगा पाडला आणि तो कॅमेऱ्यासमोर, माझ्यापुढे धरला. मी इकडे हात पुढे केला.